बेबीच्या दोन खोल्या

३ फेब्रुवारी, सोमवार

बेबीनं आज माझ्या गळ्यात काम घातलं. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात सगळ्यांची ती अजून बेबीच आहे. आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाडेकरू गेल्यापासून रिकाम्या आहेत. आता तिनं डोक्यात घेतलंय की त्या सजवायच्या आणि दोन-चार दिवसांसाठी शहरात येणाऱ्या लोकांना द्यायच्या. मोबाइलवर फोटो टाकले की लोक आपणहून येतात म्हणे.

खरं कारण भाचा आहे. तो दुसऱ्या शहरात नोकरीला. मोठं घर घेतलंय, आणि आईनं इथं एकटीनं राहू नये असं त्याचं म्हणणं. पोरगा चांगला आहे, नाव ठेवायला जागा नाही. बेबीनं त्याला सांगितलं, 'पोरांना सुट्ट्या लागेपर्यंत खोल्या चालवून बघते. चालल्या तर इथंच राहीन. नाही चालल्या तर घर विकून तुझ्याकडे येईन.' म्हणजे सगळा भार खोल्यांवर, आणि खोल्यांचा भार माझ्यावर.

"दादा, तू जन्मभर खोल्याच उभ्या केल्यास," ती म्हणाली. "या दोन माझ्यासाठी कर."

मी नाटकांचा नेपथ्यकार. पडदा वर गेल्यावर लोकांना जे घर दिसतं ते मी बांधायचो. गेल्या वर्षी सोडलं. मीच सोडलं, मला कोणी काढलं नाही. त्या नव्या दिग्दर्शकाला माझी खिडकी नको होती, मागच्या पडद्यावर खिडकीचं चित्र पाडायचं होतं. मी म्हटलं, पाडा. तेव्हापासून घरी आहे. मजेत आहे. आमच्या खिडकीपाशी माझी खुर्ची आहे, तिथून रस्ता छान दिसतो.

बेबीला म्हटलं, विचार करून सांगतो. तर आमची ही मध्ये पडली. "कसला विचार? वर्षभर त्या खुर्चीत बसून विचारच करताय की." आणि पिशवीतून माझी मोजपट्टी काढून तिनं समोर ठेवली. बेबीकडे चहाला निघालेल्या बाईच्या पिशवीत मोजपट्टी कशाला असते, कोण जाणे. बायकांच्या पिशवीत काहीही सापडतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खोल्या मोजल्या. पुढची खोली बरी आहे, गल्लीकडे मोठी खिडकी. तिच्या आत झोपायची खोली. त्यामागे बेबीचं स्वयंपाकघर आणि तिची स्वतःची खोली, तिकडे हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली आहे. भिंती म्हणजे नुसता चुना. वर मधोमध एक नळीचा दिवा, त्याच्या उजेडात माणूस आजारी दिसतो.

घरी येऊन नकाशा काढला. रंगीत पेन्सिली सापडेनात म्हणून कपाट उपसलं. ही म्हणाली, "डाव्या खणात आहेत, टोकं करून ठेवल्यात." जेवायला तीनदा हाक मारल्यावर गेलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंतींचं काम झालं. बेबी बघायला आली आणि दारातच थबकली.

"दादा, हे काय? नवीन रंग दिलास आणि त्याला डाग पाडलेस?"

तिला समजावून सांगितलं. कोरी भिंत दिव्याखाली पुठ्ठ्यासारखी दिसते. चहाचं पाणी फडक्यानं पुसत न्यायचं, कोपऱ्यात जरा गडद, खिडकीखाली फिकं, म्हणजे भिंतीला वय येतं. घर राहतं वाटतं.

"माझ्या घराला वय आहे रे," ती म्हणाली. "लोक म्हणतील ओल आलीय."

कलेतलं या घरात फक्त मला कळतं. तरी तिच्या समाधानासाठी एका भिंतीवर पुन्हा रंगाचा हात मारला.

चहा पिताना तिनं मध्येच विचारलं, "तुला काय वाटतं, जावं का मी?"

मी म्हटलं, "मुलगा तुझा, घर तुझं. मी कोण सांगणार?"

ती मग उठली, माझ्या हातातला अर्धा चहाचा कप काढून घेतला आणि मोरीत जाऊन भांडी आपटायला लागली. डागांचा राग अजून गेला नसावा. दुसऱ्या भिंतीवरही हात मारून टाकीन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नाट्यगृहाच्या गोदामातून सामान आणलं. तिथला व्यवस्थापक म्हणाला, "घेऊन जा, नाहीतरी भंगारातच जायचं." हे ऐकून बरं वाटलं नाही, पण सामान मिळालं म्हणून गप्प बसलो. एक सोफा, ज्यावर तीन नाटकांत खून झालेत. चार खुर्च्या, एक गोल टेबल, सागवानी वाटणारं कपाट, पुस्तकांची भिंत, दोन उभे दिवे आणि एक देखणं पितळी घड्याळ. सगळ्यांना ओळखतो मी. टेम्पोत त्यांच्याबरोबर मागेच बसलो.

ही म्हणाली, "तुम्हाला असं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नाही." मी काही हसत नव्हतो. टेम्पो उडत होता म्हणून दात दिसले असतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. स्वतःची स्तुती करू नये, पण दाराच्या चौकटीतून बघितलं की छातीत काहीतरी हलतं. सोफा जरा तिरका, त्यामागे पुस्तकं, उजवीकडे टेबल, टेबलावर फुलदाणी. भिंतीवरच्या खुंट्या-बिंट्या काढून टाकल्या, फळीवर निळ्या कपबशा मांडल्या. प्लगचे पांढरे डबे डोळ्यांत खुपत होते, ते लाकडी पट्टीमागे झाकले. उजेड समोरून, थोडा पिवळा.

बेबीनं फोटो काढले. कुठं उभं राहायचं ते मी सांगितलं. एक पाऊल पुढे गेली की चित्र बिघडत होतं, तेवढं तिला दटावावं लागलं. फोटो मोबाइलवर चढवले आणि जेवण होईपर्यंत पहिलं गिऱ्हाईक आलंसुद्धा.

"बघितलंस?" मी म्हटलं.

"बघितलं बाबा," बेबी म्हणाली. तिनंच सगळ्यांसाठी पेढ्यांऐवजी बिस्किटांचा नवा पुडा फोडला. हिनं आणि तिनं एकमेकींकडे बघून मान हलवली. मला वाटतं दोघींना काम पसंत पडलंय.

३ मार्च, सोमवार

काल संध्याकाळी पहिला पाहुणा आला. विमा विकणारा, चाळिशीचा, टापटीप. खोलीत पाऊल टाकलं आणि "वा" म्हणाला. तो "वा" मी पुढच्या खिडकीबाहेर उभा राहून ऐकला.

आज सकाळी बेबी धावत आमच्याकडे आली. धावत, तिचे गुडघे असून. त्या गृहस्थाची बस चुकली. मोबाइल चार्ज करायला त्याला खोलीभर प्लग सापडला नाही, मोबाइल बंद पडला. पण भिंतीवर घड्याळ होतं, घड्याळात आठ वाजले होते, म्हणून तो निवांत दाढी करत बसला. बेबी चहा घेऊन गेली तेव्हा त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं तर अजून आठच. प्रत्यक्षात पावणेदहा झाले होते. तोपर्यंत बस शहराबाहेर पडली होती.

"दादा, घड्याळ बंद आहे हे तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? मीच बंद केलंय."

रंगमंचावर चालतं घड्याळ लावत नाहीत. एक तर नाटकातली वेळ आणि खरी वेळ जुळत नाही, आणि दुसरं म्हणजे लोक नाटक सोडून घड्याळ बघत बसतात. आत यंत्रच ठेवलं नव्हतं. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. बेबीनं कपाळाला हात लावला. मग हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. त्या माणसाची महिन्यातली सगळ्यात मोठी बैठक मात्र हुकली होती. बेबीनं त्याला टॅक्सी करून दिली.

५ मार्च, बुधवार

विमेवाल्यानं मोबाइलवर अभिप्राय लिहिलाय. बेबीनं वाचून दाखवला: 'खोली फोटोपेक्षाही सुंदर आहे. फक्त तिथं राहता येत नाही.' खाली यादी दिलीय. कपाटाचे खण उघडत नाहीत. पुस्तक काढायला गेलो तर सगळी पुस्तकं एकदम पुढे आली. अंघोळ केल्यावर टॉवेल हातात धरून उभा राहिलो.

मी म्हटलं, नाटकात टॉवेल आत विंगेत टाकतात. बेबी म्हणाली, "माझ्या घराला विंग नाही."

त्यानंतर ज्यांनी खोली मागितली होती त्यांतल्या दोघांनी नको म्हणून कळवलं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आईनं सगळं त्याला सांगितलं, लपवायची तिला सवय नाही. तो म्हणाला, सामान हलवायला ट्रक कधी मिळतो याची चौकशी करून ठेवतो.

ट्रकचं ऐकलं आणि घरी येऊन ताट बाजूला सारलं. दुपारचं जेवण जड झालं असावं. रात्री फक्त दूध घेतलं.

७ मार्च, शुक्रवार

बेबीनं फर्मान काढलं. "तू आणि वहिनी इथं दोन दिवस पाहुणे म्हणून राहा. पिशवी भरून या. माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही, मला हाक मारायची नाही. मग बोल."

मी म्हटलं, ही शिक्षा आहे. ही म्हणाली, "मला सहल वाटतेय," आणि पिशवी भरून मोकळी झाली.

सकाळी आलो. आल्या आल्या माझा चष्मा कुठं ठेवायचा यावर घोडं अडलं. पलंगाजवळ काही नाही. टेबल लांब. शेवटी बुटात ठेवला.

हिनं चहासाठी फळीवरचा कप उचलला, तर सगळी फळीच वर आली. कपबशा मी चिकटवल्या आहेत. सेट हलवताना फुटतात म्हणून आम्ही चिकटवतोच, हाताला ती सवयच आहे. आता सेट हलणार नव्हता, हे लक्षातच राहिलं नाही. ही फळी दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "यातून चहा पिऊ की काय?"

दुपारी आडवा झालो तर दोन्ही दिवे थेट डोळ्यांत. नटाच्या तोंडावर उजेड पडावा तसे लावलेत. झोपलेल्या माणसाचं तोंड कोणाला बघायचं असतं?

संध्याकाळी सोफ्यावर बसलो. मग लक्षात आलं की सोफा, खुर्च्या, टेबल, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे आहेत. नाटकात कोणी प्रेक्षकांकडे पाठ करून बसत नाही. इथं ती चौथी बाजू म्हणजे गल्ली. आम्ही दोघं बसमध्ये बसल्यासारखे शेजारी शेजारी, समोर बघत. गल्लीतून जाणारा एक माणूस थांबला आणि आमच्याकडे बघायला लागला.

"हा का बघतोय आपल्याकडे?" हिनं विचारलं.

"त्याला वाटत असेल आता आपण बोलू."

ही इतकी हसली की तो घाबरून चालायला लागला. मग मी एक खुर्ची उचलली आणि हिच्यासमोर फिरवून ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण समोरासमोर बसून हिच्याशी निवांत कधी बोललो होतो ते आठवेना. तालमी असायच्या, दौरे असायचे. गेलं वर्षभर मी खिडकीबाहेर बघायचो. हिच्या कपाळावर एक नवी सुरकुती आहे. मला ती छान वाटली, तसं सांगितलंही.

ही म्हणाली, "वन्सं गेल्या तर सकाळी उठून तुम्ही कुठं जाणार?"

"मला कुठं जायला कशाला पाहिजे? माझी खुर्ची आहे की."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली. कधी कधी ही अगदी कोड्यात बोलते.

१४ मार्च, शुक्रवार

आठवडाभर उलटं काम करतोय. आधी डोळ्यांनी विचार करत होतो, आता हातांनी करतोय. दार उघडून आत आलेल्या माणसाचा हात सगळ्यात आधी कुठं जातो? किल्ली ठेवायला. तिथं छोटी फळी लावली. मग बसून बूट काढायला हवेत, तिथं बाक. उठताना आधाराला काहीतरी हवं, तिथं खुंटी, खुंटीवर छत्रीही राहते. कपाटाचे खोटे खण उपटून खरे बसवले. प्लग मोकळे केले, पलंगाच्या दोन्ही बाजूंना नवे घेतले. कपबशा गरम पाण्यात भिजवून सोडवल्या, दोन फुटल्या. टेबल मधोमध आणलं आणि खुर्च्या चारी बाजूंनी लावल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सेट चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली.

पुस्तकांची भिंत काढून टाकली. बेबीनं तिची खरी पुस्तकं दिली, त्यांतलं एक मीच वाचत बसलो आणि दुपार गेली. पितळी घड्याळात यंत्र घातलं. ते चालायला लागल्यावर खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं.

बेबी स्टुलावर चढून पडदे लावत होती. मी खालून म्हटलं, "सरळ लाव, डावीकडे खाली आलाय." ती म्हणाली, "लहानपणीही तू असाच खालून हुकूम सोडायचास." मग पडद्याची कडी हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिकडे गेल्यावर असे भांडायला कोण मिळणार."

मी म्हटलं, "सूनबाई आहे की."

पडदा तिनं वाकडाच लावला आणि उतरली.

२२ मार्च, शनिवार

फोटो नवे काढले. पहिल्यासारखे दिसत नाहीत, साधे दिसतात. मला भीती वाटत होती. पण मागणी येतेय. एक बाई मुलाखतीसाठी येऊन राहिल्या. एक जोडपं मुलीला कॉलेजात सोडायला आलं होतं. मुलगी वसतिगृहात गेल्यावर ते दोघं गोल टेबलाशी बसून बराच वेळ पत्ते खेळत होते, असं बेबी म्हणाली. जाताना त्यांनी लिहिलं: 'घरी आल्यासारखं वाटलं. चष्मा ठेवायला जागा आहे.'

चष्म्याचं वाक्य मी तिला चार वेळा वाचायला लावलं.

आता रोज सकाळी जातो. पाहुणे गेले की चादरी बदलायला बेबी, आणि काय मोडलं, काय डुगडुगतंय ते बघायला मी. दहा वाजता तिथंच चहा. आमची ही म्हणते, तुमच्या खुर्चीवर धूळ बसलीय. पुसायला काय झालं, असं मी म्हटलं तर म्हणते, "मुद्दाम पुसत नाही, बघायला बरं वाटतं."

३० मार्च, रविवार

एका गोष्टीनं डोकं फिरवलंय. पाहुणे सोफा हलवतात. मी तो भिंतीला लावलाय, तिथंच तो शोभतो. आणि प्रत्येक वेळी खोली रिकामी झाली की सोफा खिडकीच्या कोपऱ्यात तिरका पडलेला. मी परत भिंतीला लावायचा, पुढच्या पाहुण्यानं परत ओढायचा. एकमेकांना ओळखत नाहीत, तरी सगळे एकाच कोपऱ्यात ओढतात. जमिनीवर ओरखडे पडले.

आज बेबीला म्हटलं, सोफा जमिनीला ठोकून टाकतो. ती म्हणाली, "आधी तिथं बसून तर बघ."

बसलो. सकाळचं ऊन बरोबर मांडीवर येतं, डोळ्यांवर येत नाही. गल्ली दिसते, गल्लीला आपण दिसत नाही. सोफ्याच्या फटीत केसांचा आकडा होता आणि पावाचा चुरा. मी खूप खोल्या बांधल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रात नाव आलं. पण शेवटच्या प्रयोगानंतर हातोडी घेऊन आम्हीच त्या मोडायचो. त्यांतल्या एकाही खोलीत कोणी कधी झोपलं नाही, कोणी पाव खाल्ला नाही. आज त्या चुऱ्याकडे बघून मला फार आनंद झाला, आणि तो कोणाला सांगावा असा नव्हता म्हणून इथं लिहितोय.

सोफा तिथंच राहू दिला. शेजारी एक लहान टेबल ठेवलं, कपासाठी.

११ एप्रिल, शुक्रवार

भाचा उद्या येतोय. सुट्ट्या लागल्या, आता ठरवायचं म्हणाला. येऊन डोळ्यांनी बघणार. बेबी सकाळपासून एकच चादर घडी करून परत उलगडतेय. मी म्हटलं, खोल्या भरलेल्या आहेत, अभिप्राय चांगले आहेत, काळजी कसली? ती म्हणाली, "खोल्यांची काळजी नाहीच रे."

मग कसली ते सांगेना. खोल्या चालल्या तर राहीन, असं तिनंच ठरवलं होतं. खोल्या चालल्या. तरी तिनं मुलाला राहते म्हणून कळवलेलं नाही. मी घरी येऊन हिला विचारलं, बेबीला झालंय काय? ही म्हणाली, "तिलाच विचारा की, तुमची बहीण आहे." आणि जरा थांबून, "किंवा विचारू नका. सांगा."

काय सांगा? चार वाक्यं बोलली तर ही दमते का?

१३ एप्रिल, रविवार

भाचा काल आला. पुढच्या खोल्यांत पाहुणे होते, म्हणून त्याला आमच्याकडे झोपावं लागलं. "आईच्या घरी आईचा मुलगा सोडून सगळ्यांना जागा आहे," असं म्हणत त्यानं उशी मागितली. आज दुपारी पाहुणे गेल्यावर आम्ही सगळे बेबीकडे जमलो. तो दोन्ही खोल्यांतून फिरला. खण उघडून बघितले, बाकावर बसून बूट काढले, न विचारता छत्री खुंटीला लावली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. मग आम्ही गोल टेबलाशी बसलो, चारी बाजूंना चौघं.

"आई, खोल्या मस्त झाल्यात," तो म्हणाला. "पण मी खरं बोलू का? खोल्या चालल्या म्हणजे तू एकटी नाहीस असं नाही होत. रोज नवी माणसं येणार, जाणार. तुला बरं नसलं तर ती काय करणार? आमच्याकडे तुझी खोली तयार आहे. पोरं रोज विचारतात, आजी कधी येणार."

बेबी टेबलावरून बोट फिरवत बसली. तो माझ्याकडे वळला. "मामा, तुम्ही सांगा. तुमचं काय मत?"

माझं नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. मुलगा तिचा, घर तिचं, मी कोण. तेवढ्यात बेबीनं मान वर केली. लहानपणी मी खेळायला निघालो की दारात उभी राहून ती अशी बघायची. नेतोस का, असं तोंडानं कधी विचारायची नाही.

मी म्हटलं, "तिला नेऊ नकोस."

आवाज माझा मलाच नीट आला नाही, म्हणून परत म्हटलं. "बेबी, तू जाऊ नकोस. तू गेलीस तर मला करमणार नाही. सकाळी उठून मी जायचं कुठं? बरं नसलं तर मी आहे ना, पलीकडच्या गल्लीत. पाय धरलेत, पण एवढं अंतर येतो मी. राहा इथं."

घड्याळाचा आवाज येत होता. बेबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती मुलाला म्हणाली, "अरे, तू ये म्हणत होतास. तुझ्यावर राग नाही माझा. पण इथं राहा म्हणणारं कोणी नव्हतं. नुसत्या भिंतींसाठी राहून काय करू, असं वाटायचं मला."

"मी काय दुसरं म्हणत होतो दोन महिने?" मी म्हटलं. "प्लग बसवले, खण बसवले."

"तू प्लगच बसवलेस, दादा," ती म्हणाली.

भाच्याला जरा लागलं असणार, पण त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "मग पुढच्या महिन्यात आम्हीच सगळे येतो. आठवडाभर. खोल्या रिकाम्या ठेव."

"तारखा आधी कळव," बेबी डोळे पुसत म्हणाली. "मागणी फार आहे."

आमची ही भाच्याला म्हणाली, "बघ रे तुझे मामा. 'जाऊ नकोस' एवढं बोलायला यांना दोन खोल्या सजवाव्या लागल्या."

सगळे हसले. मीही हसलो. मग मला काही दिसेना, म्हणून चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बेबीनं तो पुसून परत माझ्या हातात दिला.